जरा लांब बस

आमची आत्या गेली त्या दिवसापासून लोक मला एकच प्रश्न विचारतायत. "कुठला होता?" म्हणजे साप कुठला होता. नाग, मण्यार की घोणस? माणूस कशाने गेलं ते जणू ठरूनच गेलंय, फक्त सापाची जात तेवढी कळायची राहिलीय. फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या आमच्या ऑफिसात होते. आत्याच्या शेजारच्या कांबळेवहिनींनी भांडुपहून, वाण्याच्या दुकानातून केलेला फोन. "ताई, मावशींना काहीतरी झालंय... तुम्ही या ना लगेच. आणि ताई, तो पोपट कुणाला जवळ जाऊ देत नाहीये." मी रिसीव्हर ठेवला आणि पर्स शोधायला लागले. पर्स खांद्यालाच होती. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, काय गं? म्हटलं, आत्या गेली बहुतेक. तर म्हणतात कशा, "अगं बाई! साप का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दोष त्यांचाही नाही. आत्याच्या सापांचे किस्से डबा खाताना मीच तर रंगवून सांगितले होते.

आत्याला साप चावला नाही. एकदाच नीट लिहून टाकते, म्हणजे माझा जीव जरा शांत होईल. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, खुर्चीत बसल्या बसल्या. हातावर खूण होती, हे मात्र खरं. अंगठ्याच्या खाली, मांसल भागावर, समोरासमोर दोन खाचा. ती खूण चाळीतल्या दहा जणांनी पाहिली आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या टेकडीवर झालं, सापवाल्या मावशीला शेवटी सापानेच नेलं. ऐकायला किती बरं वाटतं ना? गोष्ट कशी गोल होते. पण ती खूण कसली होती हे मला माहीत आहे. तेच सांगायला बसलेय. आज तिसऱ्यांदा बसलेय खरं तर, कारण दोन ओळी झाल्या की उठून पिंजऱ्यापाशी जाऊन येते.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण, शेवंती. मालवणाकडची. लग्न होऊन मुंबईत आली, नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. मग तिने धाकट्या भावाला, म्हणजे बाबांना गावाहून आणलं, शिकवलं, त्यांचं लग्न लावलं, आणि आपण साकीनाक्याला एका बल्बच्या कारखान्यात पॅकिंगला जात राहिली. भांडुपला टेकडीच्या उतारावर आमची चाळ. आत्याची खोली अगदी टोकाला, तिच्या मागे झाडीच. आम्ही त्याच चाळीत पुढच्या बाजूला राहायचो. त्या झाडीतून साप यायचे. कुणाच्या मोरीत, कुणाच्या लाकडांत. कुठे निघाला की हाक एकच, "मावशी!" आणि आत्या हातातलं काम टाकून निघायची. भाजी चिरत असली तर विळी आडवी करून, त्यावर ताट पालथं घालून.

तिची साप धरायची पद्धत बघून नवीन माणूस निराश व्हायचा. काही थरार नाही हो! ती सोबत फक्त एक उशीचा अभ्रा न्यायची. त्या अभ्र्याची वेगळीच गोष्ट आहे. शाळेत आम्हाला शिवणकामाला होता तो. मी त्यावर दोन गुलाब काढून खाली इंग्रजीत 'स्वीट ड्रीम्स' भरलं होतं, आणि मोठ्या प्रेमाने आत्याला दिला होता. तिने निरखून पाहिला, ताणून पाहिला आणि म्हणाली, "घट आसा गो कपडो." दुसऱ्याच आठवड्यात त्यातून धामण गेली डोंगरावर! मी रडले होते. तेव्हापासून चाळीला कुणी सांगायला नको. गॅलरीच्या दोरीवर स्वीट ड्रीम्स वाळत दिसला की समजायचं, काल कुणाकडे तरी साप निघालाय.

एकदा कांबळ्यांकडे पिंपामागे निघाला. कांबळेभाऊ काठी घेऊन उभे, चार-पाच बाप्ये मागे, वहिनी पलंगावर चढलेल्या. आत्या दारातूनच म्हणाली, "काठये खाली ठेवा आदी. तेका वाट दिसाक होयी." मग तिने सगळ्यांना बाहेर काढलं आणि अभ्र्याचं तोंड उघडं करून भिंतीला चिकटवून धरलं, पिंपाच्या कडेला, आणि सरळ फरशीवर मांडी घालून बसली. बस. बसली ती बसलीच. मी दारात चुळबुळतेय, कांबळेभाऊ घाम पुसतायत, आणि बाई जपमाळ ओढायला बसल्यासारखी निवांत. मग ती धामण निघाली, केवढी मोठी, भिंतीच्या कडेकडेने सरकत आली, पुढे अंधारं भोक दिसलं, आणि गेली की आत! आपणहून! आत्याने गाठ मारली. तिचं म्हणणं, साप धरायचा नसतोच, त्याला जायला जागा करून द्यायची. विषारी असला तर मात्र ती हात लावायची नाही. लांबूनच काठीने बादली पालथी घालायची आणि ज्यांना नीट पकडता येतो त्यांना बोलावून आणायला पाठवायची. उगाच शूरपणा नव्हता तिच्यात. चावले होते तिला साप, नाही असं नाही. पाण्यातले दिवड चावले होते, एक कवड्या चावला होता. "बोरीचो काटो ओढलो तसा," म्हणायची, हात साबणाने धुवायची आणि चहा टाकायची.

आणि अशा बाईच्या दोन्ही हातांवर बोटभर जागा मोकळी नव्हती. जुन्या-नव्या खुणा, कुठे खाच, कुठे गाठ, कुठे सोललेलं. त्या सगळ्या बाबल्याच्या. बाबल्या म्हणजे तिचा पोपट.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. कारखान्याच्या मागचं एक झाड तोडलं, त्याच्या ढोलीतून पिल्लू पडलं. पिसं नाहीत, नुसतं मोठं डोकं आणि चोच. आत्याने ते डब्यात घालून घरी आणलं. भिजवलेली चण्याची डाळ वाटून, केळं कुस्करून बोटाने भरवलं. वाढलं. हिरवंगार झालं. चोच लालभडक. पण बोलेल तर शपथ! इतक्या वर्षांत एक शब्द नाही. चाळीतली पोरं खिडकीशी येऊन मिठू मिठू करून थकली. बाबल्या फक्त बघायचा. आणि चावायचा. साधंसुधं नाही चावायचा. सापाचे दात बारीक, लागतात आणि सुटतात. हा म्हणजे अडकित्ता. धरायचा, आणि धरल्यावर फिरवायचा. आधी डोळ्यातलं काळं बुबुळ लहान-मोठं, लहान-मोठं व्हायचं, मानेवरची पिसं फुलायची, की समजायचं आता वाट लागली कुणाची तरी. पिंजऱ्याचं दार दिवसभर उघडंच. आत्या घरी असली की हा तिच्या मनगटावर, नाही तर मांडीवर.

आता मला जे सतत आठवतंय आणि बसू देत नाहीये ते सांगते. आमच्या घरात माणसं फार, म्हणून शाळा-कॉलेजात असताना मी रोज संध्याकाळी आत्याकडे अभ्यासाला जायचे. तीच हाक मारायची. "गो, येतस मा?" तिच्या आवाजात घाई असायची. मी पुस्तकं घेऊन धावत जायचे. तिची वेताची खुर्ची दाराशी, ती तिच्यात बसलेली, हा तिच्या हातावर. मी जवळ जाऊन खाली तिच्या गुडघ्याशी बसायला जायचे आणि ती म्हणायची, "जरा लांब बस."

रोज! जरा लांब बस. मी भिंतीशी जाऊन बसायचे. माझ्या मैत्रिणींच्या आत्या त्यांच्या वेण्या घालायच्या, डोक्यावरून हात फिरवायच्या. माझी आत्या एका मुक्या पोपटाला मांडीवर घेऊन मला भिंतीशी बसवायची. बोलवायचं कशाला मग? एकदा मी हे तोंडावर विचारलं. तिच्या अंगठ्यातून रक्त येत होतं, नुकताच चावला होता तो. मी म्हटलं, "याचं तुला एवढं कसलं कौतुक? तुलाच तर फाडून खातो. साप बरे याच्यापेक्षा!" ती चिडली नाही. पदराने अंगठा दाबत म्हणाली, "सरपाक तू कोण तां म्हायत नाय. तेच्या मनात तू नसतसच. तेका फकत जावची वाट होयी, ती गावली नाय तर चावता. ह्या बाबल्याच्या मनात तू आसस, मी आसंय, सगळी आसत. म्हणान ह्येचो चावो दुखता." आणि मग बाबल्याकडे बघत, "माका चावता तां तुझ्यापायी. तू इलंस काय माका सांगता, उठ, चल हयसून."

मी काय ऐकलं? तुझ्यापायी. तेवढंच. म्हणजे माझ्यामुळे तिला त्रास होतो, मी आले की पोपट पिसाळतो, मग मी येऊच नये ना! पुस्तकं उचलली आणि तरातरा घरी गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा हाक. "गो, येतस मा?" गेले परत. आणि पुन्हा तेच, जरा लांब बस. असं कित्येक वर्षं चाललं. लग्न होऊन मुलुंडला गेले तरी रविवारी जायचे, आणि तेव्हाही. एकदा नवऱ्यासमोर म्हणाली. परत येताना मी त्याला म्हटलं, "बघितलंस? घरच्या मुलीला असं बसवतात." तो बिचारा म्हणाला, "अगं पण डबा भरून घावणे दिले की." त्याला काय कळणार!

मध्ये एक मोठी गंमत झाली होती. ती सांगितली नाही तर आत्या मला माफ करणार नाही. पोपट नर असला की दोन-तीन वर्षांत गळ्याला काळा-गुलाबी कंठ येतो. बाबल्याला येईना. लोक विचारायचे. आत्या ठामपणे सांगायची, आमच्या घराण्यात सगळं उशिराच होतं, भावाला मिशी कधी आली विचारा. बाबा बिचारे मिशीवरून हात फिरवायचे. मग एका थंडीत बाबल्या दिसेनासा व्हायला लागला. सारखा ट्रंकेच्या मागे. आत्या कारखान्यातून आली की बाहेर यायचा, चावायचा, परत आत. त्या महिन्यात इतका चावला की तिने हाताला चिंध्या गुंडाळल्या. मी म्हटलं, ट्रंकेमागे उंदीर तरी मेलाय. ट्रंक ओढली. मागे स्वीट ड्रीम्स पडला होता, घडी करून ठेवलेला कधीतरी घसरून. त्याच्या तोंडाशी बाबल्या पंख पसरून, आणि आत, माझ्या गुलाबावर, पांढरंशुभ्र अंडं!

आत्या बघतच राहिली. मग खाली बसली आणि त्या पाखराला म्हणाली, "मेल्या, माका आदी सांगाक नाय होता?" आणि जे हसत सुटली... हसता हसता डोळ्यांतून पाणी. कांबळेवहिनी धावत आल्या, त्यांनाही हसू आवरेना. अंडं फुकटच होतं, त्यातून काही निघायचं नव्हतं, पण आत्याने ते हलवू दिलं नाही. बाबल्या बसून बसून कंटाळली आणि आपणच सोडून आली, तोवर आत्याने दुसऱ्या पिशवीत साप धरले. मी तेव्हापासून 'ती' म्हणायला लागले. आत्या मात्र शेवटपर्यंत 'तो'च म्हणाली. म्हणाली, सवय झाली, आणि त्याला तरी कुठे फरक पडतो.

तर तो फोन. मी पोचले तेव्हा गॅलरीत गर्दी. खोलीच्या दारात वेताची खुर्ची, खुर्चीत आत्या. मान जराशी कलती. डुलकी लागल्यासारखी. आणि तिच्या हातावर बाबल्या, सगळी पिसं फुलवून. डॉक्टर येऊन गेले होते, त्यांच्या बोटाला रुमाल बांधावा लागला होता. बाबा खाली बसले होते, त्यांच्याही मनगटावर ओरखडा. कांबळेवहिनींनी मला बाजूला घेतलं. "ताई, मी वाटी द्यायला आले दुपारी. दारात उभी राहिले तर हा माझ्याकडे बघतोय आणि मावशींना चावतोय. माझ्याकडे बघतो, की त्यांच्या हाताला चावतो. परत बघतो, परत चावतो. मला वाटलं, मावशी ओरडत कशा नाहीत? हाड पण करत नाहीत... मी अजून जवळ गेले तर इतका जोरात चावला, मलाच कसंतरी झालं. तरी त्या हलल्या नाहीत. तेव्हा मला कळलं."

मी पुढे गेले. बाबल्या माझ्याकडे बघत होती, बुबुळ लहान-मोठं, लहान-मोठं. मी आणखी एक पाऊल टाकलं. आणि तिने मान वाकवली, आत्याच्या अंगठ्याखालचं मांस चोचीत धरलं आणि फिरवलं. रक्त आलं नाही. नुसती खाच पडली. सोडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परत तिथेच धरलं.

उठ. चल हयसून.

तिथे, त्या दारात, गर्दीसमोर मला ते कळलं. ती आत्याला फाडून खात नव्हती. कधीच नव्हती. जे कुणी जवळ येतंय ते धोक्याचं आहे, तू उठ, पळ, एवढंच ती आयुष्यभर सांगत होती. तिच्याकडे बोलायला शब्द नव्हता, चोच होती. आणि आत्याला हे ठाऊक होतं. मी जवळ बसले की आपल्याला चावणार हे ठाऊक असून ती मला रोज हाक मारायची. रोज! एकीला सोडवत नव्हतं आणि दुसरीला बोलावल्याशिवाय राहवत नव्हतं. मला लांब बसवून ती आम्हा दोघींना एका खोलीत ठेवत होती, स्वतःच्या हाताची चाळण करून घेत. आणि मी इतकी वर्षं त्या भिंतीशी बसून काय काय मनात आणत होते! मी रडले नाही तेव्हा. रडू आलंच नाही. शेवटी कांबळेभाऊंनी टॉवेल टाकून तिला पिंजऱ्यात घातलं.

मग तेरावा आला. बाबांच्या मनाने घेतलं की त्या दिवशी पोपटाला सोडायचा. मुक्या जिवाला मोकळं केलं की आत्यालाही पुढे जायला मोकळं होईल. गावाकडे कुणीतरी असं केलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. चाळीतही सगळ्यांना पटलं. काही जण तर म्हणाले, बरंच आहे, अपशकुनी पाखरू, मालकिणीला चावलं. मी बाबांना म्हटलं, "अहो, ती खोलीबाहेर कधी उडालेली नाही. पिल्लू असताना आणलंय. कावळे फाडतील तिला."

"देवाच्या मनात असेल तसं होईल."

"देवाच्या मनात काय आहे ते राहू द्या. तिच्या मनात काय आहे ते बघा की!"

बाबा माझ्यावर कधी ओरडत नाहीत. त्या दिवशी ओरडले. "माझी बहीण गेलीय! आईसारखी होती ती मला. तिच्यासाठी मला एवढं तरी करू दे ना गं!" आम्ही दोघं एकाच माणसासाठी भांडत होतो. त्यांनी पिंजरा गॅलरीत नेला, कठड्यापाशी ठेवला, दार उघडलं, हात जोडले.

बाबल्या बाहेर आली. पिंजऱ्याच्या टपावर चढली. आभाळाकडे पाहिलंही नाही. खाली उतरली, आणि फरशीवरून, दोन्ही पाय आत वळवत, बदकासारखी डुलत चालायला लागली. चालत चालत थेट आत्याच्या दाराशी. तिथे खुर्ची होती, रिकामी. खुर्चीच्या पायाला चोच लावून वर चढायला बघत होती, वेत गुळगुळीत, घसरत होती. तोवर तेराव्याच्या पानाला जमलेले कावळे कठड्यावर आले. एक. मग चार. मग मोजायला वेळ कुणाला होता! एकाने झेप टाकून शेपटीचं पीस उपटलं. ती ओरडली, आणि खुर्चीखाली भिंतीच्या कोपऱ्यात घुसली. लोक धावले हात पसरून, हुश हुश करत. ती जास्तच घाबरली, ज्याचा हात येईल त्याला चावायला लागली.

मला काय झालं माहीत नाही. मी ओरडले, "सगळे मागे व्हा! काठ्या खाली ठेवा!" काठ्या कुणाच्याच हातात नव्हत्या. आत गेले, ट्रंकेवर स्वीट ड्रीम्स होता, तो घेतला. त्याचं तोंड उघडं करून खुर्चीखाली भिंतीला लावून धरलं आणि नवी साडी नेसलेली तशी फरशीवर मांडी घालून बसले. बसून राहायचं, एवढंच करायचं होतं, आणि तेच माझ्याने होत नाही. आयुष्यात कधी झालं नाही. समोर बाबांचे पाय दिसत होते, कावळ्यांचा कालवा चालला होता, पायाला मुंग्या आल्या. उठावं, ओढून काढावं, असं शंभरदा वाटलं. बसले. मग तिने डोकं बाहेर काढलं. अभ्र्याच्या अंधाऱ्या तोंडाकडे पाहिलं. तिचंच घर होतं ते, एका थंडीतलं. ती आत गेली. आपणहून. मी गाठ नाही मारली, नुसतं तोंड मुठीत धरलं आणि पोटाशी घेऊन उठले. मी तशीच मुलुंडला आले. पिंजरा नंतर कांबळेभाऊ पोचवून गेले, आत्याची खुर्चीसुद्धा.

या गोष्टीला आता बरेच आठवडे झाले. बाबल्या आमच्या खोलीत खिडकीशी आहे. सुरुवातीला काही खाईना. छातीची पिसं उपटायची, खाली हिरवा सडा. माझी घालमेल तर विचारू नका. ऑफिसातून उठून घरी यायचे, डाळ वाटायचे, केळं कुस्करायचे, बोटावर घेऊन पिंजऱ्याशी उभी राहायचे. ती पाठ फिरवायची. आणि चावायचीसुद्धा नाही! मला, नवऱ्याला, कुणालाच नाही. बोट अगदी चोचीशी नेलं तरी नाही. पाहुणे म्हणायचे, वा, शांत झाला की पोपट. मला ते ऐकवत नसे. ती शांत झाली नव्हती. तिच्या मनात आता कुणीच नव्हतं. अशी किती दिवस जगणार? ही जर गेली तर त्या दारातलं, त्या हातातलं सगळंच गेलं, या भीतीने मी घरात येरझारा घालायचे. शेवटी एक केलं. रोज संध्याकाळी आत्याच्या खुर्चीत बसायचं, दार उघडं ठेवायचं, मांडीवर स्वीट ड्रीम्स पसरायचा, आणि हलायचं नाही. बसणं मला जमत नाही हे वर लिहिलंच आहे. पण बसले. एक दिवस ती पिंजऱ्यातून उतरली, डुलत डुलत आली, खुर्चीखाली बसून परत गेली. मग कधीतरी पदराला धरून वर चढली. मग अभ्र्यावर येऊन बसायला लागली. माझ्याकडे बघत नसे. डाळ मात्र खायची.

मागच्या रविवारी बाबा आले. तेराव्यानंतर पहिल्यांदाच. हातात पेरूंची पिशवी, पोपटासाठी. ते सांगितलं नाही त्यांनी, नुसती ओट्यावर ठेवली. मी खुर्चीत होते, ती माझ्या मनगटावर. बाबा दारात घुटमळले. म्हणाले, "कशी आहे?" कुणाबद्दल विचारलं कळलं नाही. मी म्हटलं, या ना. ते पुढे आले. स्टूल ओढून माझ्या गुडघ्याशी बसायला लागले, मी आत्याकडे बसायला जायचे तसे. आणि मला मनगटावर काहीतरी बदललेलं जाणवलं. पिसं फुलली होती. तिने बाबांकडे पाहिलं, बुबुळ लहान-मोठं, लहान-मोठं. मग मान वाकवली, माझ्या अंगठ्याखालचं मांस धरलं, आणि फिरवलं.

आई गं! काय दुखतं हो ते! डोळ्यांपुढे काजवे. रक्त मनगटावरून खाली गुलाबांवर टपकलं. बाबा घाबरून उठले, "अगं चावला, चावला! सोडव!" आणि मला रडू फुटलं. आत्या गेल्यापासून आलं नव्हतं ते सगळं. हुंदके आवरेनात, हात हलवायचा नव्हता. बाबल्याने सोडलं, बाबांकडे पाहिलं, आणि परत तिथेच धरलं. मी डोळे पुसले नाहीत. बाबांना म्हटलं, "बाबा, तुम्ही बसा हो. फक्त जरा लांब बसा."